उत्तरेकडे तोंड करून

गावाचा उजेड पाठीशी घ्या.

हिमायतनगरची शेवटची घरं मागे राहिली. रेल्वे स्टेशन, परमेश्वराचं मंदिर, रस्त्यावरचे दिवे, सगळं पाठीशी. समोर उत्तर दिशा आहे. समोर तूर उभी आहे. तुरीच्या पुढे आणखी शेतं, शेतांच्या पुढे पैनगंगा, आणि पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा.

नदी इथून दिसत नाही. ती तिकडे आहे एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

डिसेंबर निम्मा सरलाय. अमावास्या आहे. नऊ वाजायला आलेत.

धुऱ्यावर बसा.

कॅमेरा बॅगेतच राहू द्या. ट्रायपॉड शेजारी आडवा ठेवा. हातातली बॅटरी विझवा. मोबाईल खिशात घाला.

आता काहीच करायचं नाही.

•

अंधार लगेच दिसत नाही. त्यालाही वेळ द्यावा लागतो.

आत्ता समोर आहे तो नुसता काळेपणा. डोळ्यांत अजून गावातला उजेड शिल्लक आहे. बाहुल्या क्षणात मोठ्या होतात, पण डोळ्याच्या आतला पडदा अंधाराला सरावायला वीस मिनिटं घेतो, कधी अर्धा तास. मध्येच कुणाचा मेसेज बघायला मोबाईल उघडला, की ही वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून बसा.

श्वास आत येतो तो गार आहे. नाकपुड्यांच्या कडांना कळतो. बाहेर जातो तो कोमट.

पुन्हा एकदा. गार. कोमट.

आता डावा हात खाली न्या. धुऱ्याच्या या अंगाला हरभरा आहे, अजून वीतभरच. पानांवरून बोटं फिरवा, अगदी हलकी. ओली होतात. त्यातलं एक बोट जिभेला लावा.

आंबट.

ही आंब. हरभऱ्याची पानंच ती सोडतात, रात्री ती दवात उतरते. जुनी माणसं पिकावर पातळ कापड पसरून ठेवायची, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरायची. घरात पोट दुखलं की ती बाटली निघायची.

जिभेवरची चव जाईपर्यंत थांबा. दव पडायला लागलंय, एवढं आपल्याला कळलं. हेच दव तासाभराने लेन्सच्या काचेवर बसणार आहे. त्याचं तेव्हा बघू.

कान उघडे ठेवा. रातकिडे आहेत, पण पावसाळ्यातल्यासारखे नाहीत. थंडीने त्यांचा सूर बारीक केलाय. मध्येच एक टिटवी ओरडते आणि गप्प होते. दोन-तीन शेतं सोडून कुणीतरी डबा वाजवतंय. जागलीला आलेलं कुणी असणार. रानडुकरं नाहीतर रोही तुरीत शिरू नयेत म्हणून रात्रभर असा मधून मधून डबा वाजवत राहायचं. दिसत काही नाही. तरी माणूस जागा आहे आणि रान जागं आहे.

ठण्‌ ठण्‌ ठण्‌.

मग पुन्हा रातकिडे.

आता वर बघा.

•

मघाशी जिथे काही नव्हतं तिथे तारे आहेत. ते मघाशीही होतेच.

समोर, थोडं डावीकडे, बरंच वर पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी ओळ दिसते. ती शर्मिष्ठा. उजवीकडे ईशान्येला एक पिवळसर, ठळक तारा आहे, तो ब्रह्महृदय. या दोघांना ओळखून झालं की सोडून द्या. नजर खाली आणा, शर्मिष्ठा आणि तुरीचे शेंडे यांच्या मधल्या ओसाड भागात.

तिथे एक तारा आहे. एकटा. फार तेजस्वी वगैरे नाही.

तो ध्रुव.

पहिल्यांदा बघणाऱ्याची इथे जरा निराशा होते. एवढं नाव ऐकलेलं असतं, म्हणून सगळ्यात मोठा तारा शोधत माणूस भलतीकडेच बघत असतो. उजेडात ध्रुवाचा नंबर पन्नासाच्या आसपास लागतो.

हात सरळ पुढे ताणा. मूठ वळा. लांब धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. पहिली मूठ क्षितिजावर ठेवा, तिच्यावर दुसरी. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेच्या किंचित खाली ध्रुव येतो.

ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. हिमायतनगरचा साडेएकोणीसच्या जरासा आत आहे. दिल्लीत ध्रुव जवळजवळ तीन मुठी वर असतो. कन्याकुमारीला एका मुठीतही मावतो. इथे, या धुऱ्यावरून, तो एवढाच: दोन मुठींना थोडा कमी.

मूठ सोडा. हात मांडीवर ठेवा.

तारा तिथेच असू द्या. त्याच्याकडे बघत राहा, टक लावून नको, सैल नजरेने.

आत्ता डोळ्यांत येतोय तो त्याचा उजेड चारशेहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता.

ते कळलं म्हणून काही करायचं नाही. श्वास घ्या. बघा.

•

आता ट्रायपॉड उभा करा. हळू.

ही काळी माती आहे. पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात फाटते, आणि आत्ता थंडीत वरून टणक, आतून भुसभुशीत असते. पाय नुसते टेकवले तर अर्ध्या तासात एखादा पाय केसभर खचतो, आणि केसभर खचलं तरी सगळे तारे सरकतात. तिन्ही पाय एकेक करून हाताने दाबा. माती पायाखाली बसते ते तळव्याला कळतं. बॅग मधल्या हुकाला अडकवा, पण तिचं बूड जमिनीला टेकलेलं असू द्या. लोंबकळती बॅग वाऱ्याने झुलते.

कॅमेरा चढवा. उभा. खाली तुरीची काळी कड, मध्ये ध्रुव, वर शर्मिष्ठा.

आकड्यांचं उरकून घेऊ. लेन्स 20 मिलिमीटरची असेल तर 500 ला 20 ने भागा: 25. इतके सेकंद शटर उघडं ठेवलं तरी तारे ठिपकेच राहतात, असा जुना ठोकताळा आहे. नव्या कॅमेऱ्यांची नजर बारीक असते, म्हणून जरा आत राहा, 20 सेकंद. सेन्सर लहान असेल तर आलेलं उत्तर आणखी दीडने भागा. ॲपर्चर 2.8 किंवा लेन्स जितकी उघडेल तितकं. आयएसओ 3200. फोटो रॉ. लेन्सवरचं हादरे शोषायचं बटण बंद, ट्रायपॉडवर ते उलटंच काम करतं. मोबाईल असेल तर प्रो मोड, आणि तो टेकवायला एक चांगला दगड.

झालं. आता एका गोष्टीत मात्र घाई करायची नाही.

फोकस.

कॅमेऱ्याला अंधारात काही सापडत नाही; तो स्वतः शोधायला गेला तर नुसता पुढेमागे चाचपडतो. म्हणून लेन्स मॅन्युअलवर घ्या. कॅमेरा थोडा उजवीकडे, ब्रह्महृदयाकडे वळवा. पडद्याचा उजेड अगदी कमी करा. एक डोळा मिटून घ्या. अंधाराला सरावलेला निदान एक तरी शाबूत राहील.

पडद्यावर तो तारा मोठा करून बघा.

एक पिठूळ गोळा दिसतो. थरथरणारा.

श्वास सोडता सोडता लेन्सचं कडं फिरवा, नखभर. गोळा लहान होतो. आणखी नखभर. आणखी लहान. आता तो कडक, टोकदार ठिपका झालाय. आणखी फिरवलं तर पुन्हा फुगायला लागतो. मागे या. पुढे जा. पुन्हा मागे.

सगळ्यात लहान जिथे होतो, तिथे थांबा.

बोटं काढा. कड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. आता रात्रभर त्याला हात नाही.

कॅमेरा पुन्हा ध्रुवाकडे आणा. पडदा बंद करा. मिटलेला डोळा उघडा.

•

रिमोटचं बटण दाबा.

शटर उघडलं. एवढासा आवाज झाला आणि संपला.

आता वीस सेकंद. सावकाश घेतलेले पाच श्वास.

पहिला श्वास. गार हवा आत येते. तुरीच्या शेंगांचा हिरवट वास तिच्यात आहे, आणि कुठल्यातरी शेकोटीचा धूर. छाती भरते. थांबते. रिकामी होते.

दुसरा. पाय जमिनीवर आहेत. टाचा कुठे टेकल्यात, बोटं कुठे, ते बघा. माती गार आहे. बुटातूनही कळते.

तिसरा. समोर ध्रुव. काहीही हलत नाही. तुरीचं एक पानही नाही.

चौथ्या श्वासाला मन कुठेतरी निघून जातं. जाऊ द्या. उद्याचं काम, कापसाचा भाव, पोराची फी. ते निघून गेलं हे ध्यानात आलं, की पुन्हा या ताऱ्याजवळ येऊन बसा.

पाचवा.

शटर मिटलं.

पडद्यावर लगेच बघू नका. अजून एक क्षण थांबा. एक मोजमाप सांगायचं आहे, आणि ते असं बसलेलं असतानाच ऐकलेलं बरं.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला 465 मीटर पूर्वेकडे जाते. ध्रुवांकडे जावं तसा हा वेग कमी होतो. हिमायतनगरच्या अक्षांशावर तो सेकंदाला सुमारे 438 मीटर आहे.

वीस सेकंदांत पावणेनऊ किलोमीटर.

आत्ता, या पाच श्वासांत, हा धुरा, ही तूर, हा हरभरा, पाठीमागचं गाव, स्टेशन, डबा वाजवणारा माणूस आणि आपण, सगळे मिळून पावणेनऊ किलोमीटर उजवीकडे गेलो. उत्तरेकडे तोंड आहे, म्हणजे पूर्व उजव्या हाताला.

आणि पान हललं नाही.

पुन्हा बटण दाबा. या वेळी पाचही श्वास एवढ्यासाठीच ठेवा. आपण चाललोय. उजवीकडे. सगळे बरोबर.

शटर मिटेपर्यंत बघत राहा.

•

आता पडद्यावर बघा. एक डोळा मिटून.

डोळ्यांना दिसले त्याहून किती तरी जास्त तारे आहेत. डोळा आलेला उजेड साठवत नाही. साधारण एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात जेवढं आलं तेवढं बघतो आणि सोडतो. कॅमेऱ्याने वीस सेकंदांचं सगळं ठेवून घेतलं. शर्मिष्ठेभोवती राखेसारखा पट्टा उमटलाय, ती आकाशगंगा. हिवाळ्यात ती फिकी असते, तरी आहे. रंगही आलेत. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ कळतच नाहीत. इथे एक तारा तांबूस आहे, दोन निळसर.

फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात क्षितिजावर पांढुरका उजेड चढलाय. तो उमरखेडचा, वायव्येला. नदीपलीकडच्या गावाचे दिवे इथून डोळ्यांना फारसे जाणवत नव्हते, फोटोत लगेच जाणवतात. रागावू नका. आपल्या गावाचा उजेडही कुणाच्या तरी फोटोच्या कोपऱ्यात जात असेल. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले गेले, उजेड खाली पडेल आणि वर सांडणार नाही असे. दिवे विझवावे लागले नाहीत, त्यांची तोंडं वळवावी लागली.

आणि एक गंमत. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते, अमावास्येच्या आदल्या दिवशी. म्हणजे ताऱ्यांच्या फोटोंसाठी वर्षातल्या उत्तम रात्रींपैकी एक. नेमकी त्याच वेळी हिमायतनगरात परमेश्वराची यात्रा असते आणि गाव दिव्यांनी लखलखत असतं. त्या रात्री कॅमेरा घेऊन रानात जायचं की यात्रेत, हे ज्याने त्याने ठरवावं. मी यात्रेत जाईन.

असो. पडदा बंद करा. डोळा उघडा.

•

आता लांबचं काम लावू.

वेळ 30 सेकंद करा. शटरची सलग पद्धत लावा. रिमोटचं बटण दाबून अडकवून ठेवा. एक फोटो संपला की लगेच दुसरा, मध्ये फट नको. नॉइज कमी करायची कॅमेऱ्यातली सोय बंद हवी. ती चालू राहिली तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ गप्प बसतो आणि रेघेत तुटी पडतात. लेन्सच्या गळ्याभोवती रुमाल बांधा, काच थोडी उबदार राहील, दव उशिरा धरेल.

उद्या संगणकावर हे सगळे फोटो एकावर एक ठेवले, की ठिपके जोडून रेघा होतील आणि रेघांच्या कमानी.

बटण अडकवा.

दीड तास कॅमेरा कामात आहे. आपल्याला काम नाही.

घोंगडी अंगाभोवती घ्या. बसा.

आपण बसलोय ते सगळं रान एके काळी हैदराबाद संस्थानात होतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. आणि त्या संस्थानाच्या राजधानीत असेच कुणी रात्र रात्र शटर उघडून बसायचे.

नवाब जफर यार जंग हे तिथले एक सरदार. त्यांना आकाशाचा नाद होता. 1901 मध्ये त्यांनी हैदराबादला फिसलबंडा भागात स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभी केली. निजामिया वेधशाळा. तिच्यासाठी परदेशातून दुर्बिणी मागवल्या; त्यातली एक आठ इंची, खास फोटो घेण्याची. ते गेल्यावर 1908 मध्ये वेधशाळा संस्थानाकडे आली. पुढे ती बेगमपेठेत गेली आणि मग उस्मानिया विद्यापीठाकडे.

1887 मध्ये पॅरिसला जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी ठरवलं होतं की सगळं आकाश फोटोंत उतरवायचं. पृथ्वीवरून दिसणारं सगळं. देशोदेशींच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. हैदराबादच्या वाट्याला आला तो खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला 17 ते 23 अंशांमधला पट्टा. अनुराधा नक्षत्राचे दोन ठळक तारे त्यातच आहेत. आपला वाटा झाल्यावर हैदराबादने उत्तरेकडचाही एक पट्टा घेतला. काचेच्या प्लेटवर लाखो ठिपके उमटले, माणसांनी ते एकेक करून मोजले, आणि ग्रंथांचे खंड निघाले. हे काम कित्येक वर्षं चाललं.

त्यातलं एक काम डोळ्यांसमोर आणा.

मोठ्या दुर्बिणीला जोडून दुसरी एक दुर्बीण असते. तिच्यात दोन बारीक तारांची फुली. प्लेटवर उजेड पडत असताना निरीक्षक या दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो. यंत्र दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवत असतं, पण यंत्राला थोडं मागेपुढे होण्याची खोड असतेच. निरीक्षकाने एक तारा निवडलेला आहे. तो फुलीवरून सरकला, की हाताने हळूच दुर्बीण सावरायची आणि त्याला परत फुलीवर आणायचं.

एवढंच. मिनिटामागून मिनिट. एक तारा, एक फुली, एक डोळा.

श्वासामुळे डोळा हलतो. म्हणून श्वासही हळू.

तुम्हीही करून बघा. ध्रुव नको, तो सोपा आहे. शर्मिष्ठेतला खालचा एखादा तारा घ्या. तुरीचा एक उंच शेंडा निवडा. डोकं अजिबात न हलवता तारा त्या शेंड्याला टेकेल असे बसा.

आता थांबा.

एक अंश सरकायला आकाशाला चार मिनिटं लागतात, आणि ध्रुवाजवळच्या ताऱ्यांना त्याहूनही जास्त. हलताना दिसणार नाही. बघा, तरीही.

थांबा.

केव्हातरी तारा शेंड्याच्या आड जातो. गेला ते दिसतं. जाताना दिसत नाही.

त्या वेधशाळेत एक सहायक होते, त्यांचा मुलगा लहानपणापासून या दुर्बिणींच्या आसपास वाढला. वेणू बाप्पू. 1949 मध्ये, हार्वर्डला शिकत असताना, त्यांनी घेतलेल्या प्लेटवर एक नवा धूमकेतू सापडला. बाकी सगळे तारे ठिपके होते, तो तसा नव्हता.

हैदराबादच्या त्या माणसांनी आकाश धरून ठेवलं. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरत राहिली, म्हणून तारे ठिपके राहिले. त्या प्लेटवर बेगमपेठेतलं एखादं झाड आलं असतं, तर ते फराटलं असतं.

आपला कॅमेरा जमिनीला धरून आहे. तीन पाय काळ्या मातीत दाबून. म्हणून तूर जशीच्या तशी येईल आणि तारे फराटतील. एकाच वेळी दोन्ही धरता येत नाहीत.

उद्या ज्या रेघा दिसतील त्या ताऱ्यांनी काढलेल्या नाहीत. तारे आपल्या जागी आहेत. त्या रेघा या धुऱ्याच्या आहेत.

हे मनात धरून पुन्हा एकदा पायांकडे या. टाचा. बोटं. गार माती.

•

अकरा वाजून गेलेत.

दक्षिणेकडून, पाठीमागून, गाडीचा आवाज येतो. मुदखेड-आदिलाबाद मार्गावरची एखादी असेल. रूळ वाजतात, हॉर्न होतो, मग सगळं पुन्हा बसतं. तिचा उजेड आपल्या फोटोत यायचा नाही; आला असता तरी चाललं असतं. वर एक ठिपका सरळ रेघेत भरभर निघून जातो. उपग्रह. त्याचीही रेघ येणार. येऊ द्या.

शर्मिष्ठा आता डावीकडे बरीच उतरलीये, उमरखेडच्या उजेडाकडे. उजवीकडे ईशान्येला मघाशी जे रिकामं होतं तिथे सप्तर्षी चढतायत. पहिले दोन केव्हाच वर आले. त्यांच्यातून सरळ रेघ नेली की ती ध्रुवापाशी पोचते. आता चौकोन पुरा झालाय, खाटल्याचे चार खूर. शेपटीचे तारे अजून जमिनीखाली आहेत. सगळ्यात शेवटचा मध्यरात्र उलटल्यावर येईल.

इथे आपल्या आकाशाची एक गोष्ट आहे. थंड देशांतल्या फोटोंमध्ये सप्तर्षी ध्रुवाभोवती पुरा गोल घेताना दिसतात, जमिनीला न लागता. हिमायतनगरला तसं होत नाही. ध्रुव इथे साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे त्याच्यापासून तेवढ्या अंतरात असलेले तारेच कधी मावळत नाहीत. ध्रुवमत्स्यातले काही, आणखी थोडे बारीक. बाकी सगळ्यांचे गोल खाली जमिनीत शिरतात. सप्तर्षीही मावळतात. शर्मिष्ठाही.

म्हणून इथल्या फोटोत मधले काही लहान गोल जमिनीला लागत नाहीत आणि बाहेरचे सगळे तुरीच्या कडेला तुटतात. त्यांचा उरलेला भाग यवतमाळच्या मातीखालून जातो. मला ते पुऱ्या गोलांपेक्षा बरे वाटतात. फोटो कुठून घेतलाय ते त्यांत राहतं.

आता सगळ्यांच्या मध्ये बघा. ध्रुवाकडे.

अढळपदाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर रानात जाऊन उभं राहतं, आणि त्याला अशी जागा मिळते की जिथून कुणी उठवणार नाही.

उद्या फोटो मोठा करून बघाल तेव्हा मध्यभागी ठिपका नसेल. तिथेही एक रेघ असेल, बारीक, वाकलेली. ध्रुव आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्त. तोही दिवसातून एकदा आपला लहानसा गोल घेतो. तो त्या बिंदूच्या जवळ जवळ येतोय; 2100 च्या सुमाराला सगळ्यात जवळ असेल. मग हळूहळू दूर जाईल.

बरोबर मध्ये, जिथे काहीच हलत नाही, तिथे एकही ठळक तारा नाही. तिथे अंधार आहे.

त्या जागेकडे बघा. ध्रुवाकडे नको, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

सापडायची नाही. खूण कसलीच नाही तिथे.

तरी बघा. श्वास आत. श्वास बाहेर. सगळं आकाश ज्या जागेभोवती फिरताना दिसतं, ती समोर आहे, दोन मुठींना थोडी कमी उंच, आणि तिथे काही नाही.

थांबा इथे, जितका वेळ थांबावंसं वाटेल तितका.

•

रिमोटचं बटण सोडा.

एक काम राहिलंय. लेन्सला झाकण लावा आणि तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच आयएसओचे आणखी पाचसहा फोटो घ्या. झाकण लावूनच. कॅमेरा आत तापला की स्वतःहून काही खोटे ठिपके उमटवतो, लाल, हिरवे, निळे. झाकण लावलेल्या फोटोत तेवढेच येतात, म्हणून नंतर खऱ्या फोटोंतून ते वजा करता येतात. हे आत्ताच करायला हवं, याच गारठ्यात. घरी जाऊन केलं तर ठिपके वेगळे पडतात.

तोवर तुम्हीही डोळे मिटा.

मिटल्या पापण्यांमागेही पूर्ण काळं नाही. करडे ढग आहेत, मध्येच एखादी ठिणगी. ती बाहेरून आलेली नाही. डोळ्याची स्वतःची आहे. ती चालली आहे तशी चालू द्या.

पाच श्वास.

आणखी पाच.

डोळे उघडा. झाकण काढून काच बघा. कडेला दव धरलंय, वाफेसारखं. घासू नका. मऊ कापडाने टिपा आणि लेन्स थोडी उघडी राहू द्या. दमट लेन्स तशीच बॅगेत बंद केली तर आत बुरशी धरते, आणि एकदा धरली की सहज निघत नाही.

बारा वाजले.

दोन-तीन शेतं पलीकडे डबा थांबलाय. तिकडे एक बॅटरी पेटते, विहिरीकडे चालू लागते. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. स्टार्टरचा खटका, मग मोटारीची घरघर. पाइपातून आधी हवा येते, फुरफुरते, मग पाणी.

"कोण हाय तिकडं?" बॅटरी आपल्याकडे वळते.

सांगा, ताऱ्यांचे फोटो काढतोय म्हणून.

"काढा की. पर तुमचं ते तिपाईवानी उचला तिथून, हरभऱ्याला पाणी सोडलंय. त्याच सरीत येतंय."